ब्रिटनमधली शिकार : डोंगरातली हरणं, खाजणातली बदकं आणि गावातली मतं

माळरान (धागाकर्ता)

इंग्लंडातल्या मराठी गटांवर हा विषय दर हिवाळ्याच्या तोंडावर निघतो आणि दोन दिवस धुमश्चक्री चालते. एक बाजू म्हणते, या काळात हरणं कसली मारता. दुसरी म्हणते, सायबाची हौस आहे, आपल्याला काय. तिथे प्रत्यक्ष काय चालतं हे मात्र दोन्हीकडे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा: नियम, हत्यारं, पद्धत आणि लोकांची मतं. कोल्ह्यामागे कुत्रे सोडण्यावरचा २००४ चा कायदा (अंमल १८ फेब्रुवारी २००५ पासून) हा वेगळा मामला आहे. तो कुत्र्यांबद्दल आहे. रायफलीने हरीण मारायला त्याची आडकाठी नाही. गाडी तिकडे वळवू नका ही विनंती.

ब्रिटनमध्ये हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात. रेड आणि रो मूळच्या. फॅलो नॉर्मन काळात रुजली, सिका पूर्व आशियातून आली. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर चीनमधून आणून बेडफर्डशरच्या वोबर्न इस्टेटीवर ठेवली होती, तिथून काही सुटली, काही सोडली गेली. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चुलतभाऊ, भुंकतंही तसंच. सगळी मिळून वीस लाखांच्या आसपास हरणं असावीत असं धरतात, पण तो अंदाज. झाडीतलं हरीण कुणी मोजलंय? लांडगा तीनशे वर्षांपूर्वी संपला, लिंक्स (मोठं रानमांजर) त्याच्या कितीतरी आधी. कोल्हा आणि गरुड पाडसं उचलतात, मोठ्या हरणाला मारणारं माणूस आणि मोटारगाडी यांखेरीज कुणी उरलेलं नाही.

हंगाम जातीप्रमाणे आणि नर-मादीप्रमाणे बदलतो. इंग्लंड-वेल्समध्ये रेड, फॅलो आणि सिका नर १ ऑगस्ट ते ३० एप्रिल, रो नर १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. या सगळ्यांच्या माद्या १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, चायनीज वॉटर डिअरचे नर-मादी दोन्हीही याच काळात. मुंटजॅकला बंद हंगाम नाही, कारण ते बारमाही वितं. पोटात सात महिने पिल्लू, आणि व्यायल्यावर काही दिवसांतच पुन्हा गाभण. म्हणून मुंटजॅकची मादी मारायची तर पोट स्पष्ट दिसणारी, भरत आलेली निवडतात. तिचं आधीचं पिल्लू तोवर स्वतःचं पोट भरायला लागलेलं असतं. सडपातळ मादी मारली तर झुडपात दूधपितं पिल्लू उपाशी मरण्याची शक्यता असते. ऐकायला विचित्र वाटेल, पण यात दया आहे ती हीच.

सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास या वेळात हरणावर गोळी चालत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. धनुष्यबाणाने शिकार पूर्ण बंद.

निवांतपक्षी

वाचनखूण साठवली. बंदूक कुठली चालते? आणि ती मिळते कशी? अमेरिकेसारखं दुकानातून उचलून आणता येत असेल असं वाटत नाही.

माळरान

@निवांतपक्षी, अजिबात नाही. फायरआर्म सर्टिफिकेट पोलीस देतात, पाच वर्षांसाठी. रायफल कशासाठी हवी याचं सबळ कारण लागतं, म्हणजे जिथे शिकार करायची परवानगी आहे अशी जमीन किंवा पैसे भरून ठरवलेली शिकार दाखवावी लागते. एका वेळी किती काडतुसं घ्यायची आणि किती बाळगायची तेही त्या कागदावर छापलेलं असतं. डॉक्टरकडून तब्येतीची माहिती मागवतात, घरी येऊन लोखंडी कपाट बघतात. कपाटाची किल्ली कुठे आहे हे सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला कळता कामा नये, मग तो नवरा असो, बायको असो की पोरगं. पुष्कळांचे अर्ज आणि नूतनीकरणं इथेच अडकतात. किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर.

इंग्लंड-वेल्समध्ये हरणासाठी रायफलीचा व्यास किमान पॉइंट २४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड लागते. पॉइंट २४३ हे कॅलिबर इतकं चालतं त्याचं हे एक मोठं कारण, ते बरोब्बर या रेषेच्या वर बसतं आणि धक्का कमी देतं. मुंटजॅक आणि वॉटर डिअरला पॉइंट २२०, १००० फूट-पाउंड आणि ५० ग्रेनची गोळी पुरते. गोळी आत गेल्यावर फुलणारीच हवी. सैनिकी टणक गोळी भोक पाडून पार जाते आणि जनावर तासन्‌तास मरत राहतं. स्कॉटलंडचे आकडे वेगळे आहेत. २०२३ मध्ये तिथे मोठ्या हरणांसाठी गोळीचं किमान वजन १०० वरून ८० ग्रेन केलं आणि नरांचा बंद हंगामच काढून टाकला.

परीक्षा कायद्याने सक्तीची नाही, पण डिअर स्टॉकिंग (माग काढून हरीण मारणं) सर्टिफिकेट पहिली पातळी असल्याशिवाय बहुतेक जमीनमालक उभं करत नाहीत. नेमबाजीचा भाग असा: १०० मीटरवरून पडून तीन गोळ्या चार इंची वर्तुळात. मग हरणाच्या चित्रावर १०० मीटरवरून पडून दोन, ७० वरून बसून किंवा गुडघ्यावर दोन, ४० वरून उभ्याने दोन. सहाही छातीच्या आखलेल्या भागात. अवघड नाही. घाबरट हात मात्र इथेच कळतो.

दगडफूल

प्रत्यक्ष मागावर जाणं कसं असतं तेही येऊ द्या. आपल्याकडच्या हाक्यासारखं का? माणसं ढोल बडवत हाकतात आणि बंदूकवाला मचाणावर?

माळरान

उलट. हाका नाहीच. एक शिकारी, फार तर सोबत एक वाटाड्या, आणि सगळा खेळ वाऱ्याचा.

सखल भागात बहुधा उंच बैठकीवरून होतं, म्हणजे आपलं मचाणच, लाकडी किंवा लोखंडी शिडीचं, पहाटे आणि संध्याकाळी. उंचीचा फायदा नजरेपेक्षा सुरक्षेचा असतो: गोळी खाली जमिनीत जाते. हंगामाआधी शिडीचे पट्टे आणि खालच्या पायऱ्या हलवून बघायच्या. सडलेलं लाकूड तुटून पडलात तर हाडं मोडतात.

डोंगरात गोष्ट वेगळी. आधी दूरवरून दुर्बिणीने बघायचं. कळपात एखादी म्हातारी मादी असते, नजर तिच्यावर ठेवायची, नरावर नाही. ती मान वर करून तुमच्याकडे रोखून बघायला लागली की हालचाल बंद, मग भले पाच मिनिटं तोंड चिखलात असो. वारा समोरून हवा. पण दरीच्या पोटात वारा गोल फिरतो, धारेवर समोरून लागणारा खाली मागून लागतो. म्हणून खिशात पावडरीची बाटली, दर थोड्या वेळाने एक फुंक. ओढ्याच्या खोलगट भागातून, शेवटचा टप्पा पोटावर सरपटत, साधारण १००-१५० मीटरपर्यंत. याहून लांबून मारण्यात मर्दुमकी नाही, माग काढता आला नाही एवढाच त्याचा अर्थ.

नेम छातीवर: हरीण पूर्ण आडवं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, खालून एक तृतीयांश उंचीवर. तिथे हृदय आणि फुफ्फुसं. हरीण तिरकं उभं असेल तर थांबायचं. मागे माती दिसली पाहिजे. आकाशरेषेवर उभ्या हरणावर कधीही नाही, चुकलेली गोळी कित्येक किलोमीटर जाते. मागे दुसरं हरीण उभं असेल तरीही नाही.

नवख्यांची ठरलेली चूक: रायफलीवरची दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. पडून नेम धरला की काचेतून हरीण स्वच्छ दिसतं, पण नळीच्या तोंडापुढे हेदरचं झुडूप किंवा दगडाचा उंचवटा असतो. गोळी तिथेच फुटते किंवा वळते. चाप ओढण्याआधी डोकं वर करून नळीच्या रेषेत बघायचं.

बार झाल्यावर धावत सुटायचं नाही. दुसरं काडतूस भरायचं, हरीण उभं होतं ती जागा एखाद्या खुणेने पक्की करायची, थांबायचं. फुफ्फुसात लागलेलं हरीण उसळी मारून खाली मान घालून ५०-१०० मीटर पळतं आणि कोसळतं. पाठीची कमान करून, मागचे पाय झाडत हळू चालू लागलं तर गोळी पोटात गेली. मग अर्धा तास तरी थांबून माग काढणारा कुत्रा आणायचा. लगेच मागे लागलात तर ते मैलभर जाईल. जागेवरचं रक्त बघायचं: गुलाबी फेसाळ म्हणजे फुफ्फुस, काळपट लाल म्हणजे यकृत, हिरवट कण आणि आंबूस वास म्हणजे जठर.

सुरीधार

माळरानदादांनी गोळीपर्यंत आणलं, पुढचं मी सांगतो. खरं काम इथून आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आधी खात्री. मागून जवळ जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श. पापणी हलली तर जिवंत आहे. नाही हलली की रायफल रिकामी. मग रक्त काढायचं आणि अर्ध्या तासाच्या आत कोथळा. इंग्रजीत याला ग्रॅलॉक म्हणतात. उशीर केला तर पोट फुगतं, वायू धरतो, आणि आतड्यातले जंतू मांसात शिरतात.

गळ्याकडून सुरू करा. अन्ननलिका श्वासनलिकेपासून सुटी करून तिला गाठ मारा. ही गाठ विसरलात तर जठर ओढताना चघळलेलं गवत छातीच्या पोकळीत सांडतं आणि पुढचे मांसाचे तुकडे वाया. मग हरीण पाठीवर. पोटाच्या कातड्याला छोटी चीर, त्यात डाव्या हाताची दोन बोटं, बोटांच्या बेचक्यात सुरीचं पातं, धार वर. बोटं जठर खाली दाबून धरतात आणि पातं फक्त कातडं उघडत जातं. उन्हात मऊ पडलेल्या जठराला टोक लागलं की हिरवं पाणी उडतं, वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नाही. जठर-आतडी डाव्या बाजूला लोळवून बाहेर. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडं मोकळं करा, मूत्राशय फुटू देऊ नका. शेवटी पडदा कापून हृदय-फुफ्फुसं एकत्र बाहेर.

फेकून द्यायच्या आधी तपासा. जबड्याखालच्या, फुफ्फुसांजवळच्या आणि आतड्याच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी बोटांनी चाचपायच्या. सुजलेल्या असतील, कापल्यावर दह्याच्या चोथ्यासारखा पू असेल तर क्षयाचा संशय. तो रोग कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, मग ते हरीण, आतडी सगळं बाजूला ठेवून पशुवैद्यक खात्याला फोन. यकृतात चपटे कृमी सापडणं सर्रास आहे, त्याने यकृत टाकायचं, बाकी मांस चालतं.

पाण्याने धुऊ नका. ओढ्याच्या पाण्याने धुतलेलं धड लवकर बिघडतं, घाण झालेला भाग कापून टाकलेला बरा. थंड खोलीत आतलं तापमान ७ अंशांखाली आलं पाहिजे. विकायचं असेल तर प्रशिक्षित शिकाऱ्याची सही असलेली चिठ्ठी लागते: जात, तारीख, वेळ, जागा आणि 'वागणुकीत किंवा आतड्यांत काही विपरीत दिसलं नाही' असं निवेदन. हातमोजे घाला, आणि घरी गेल्यावर काखेत, जांघेत गोचिडी शोधा. लाइम रोग तिथूनच येतो.

निवांतपक्षी

सुरीधार, जेवायच्या आधी वाचलं. 😐 पण माहिती पक्की आहे.

आणि बदकं? मुळा-मुठेच्या काठावर दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्याला तो भाग जास्त टोचतो.

खाजणी

टोचणारच. थापट्या, तलवार बदक, चक्रांग आपल्याकडे उजनी-जायकवाडीवर येतात. या जाती तिथेही आहेत, आणि तिथे त्या शिकारीच्या यादीत आहेत.

वाइल्डफाउलिंग म्हणजे किनाऱ्यावरच्या खाजणात आणि चिखलपट्ट्यांत रानबदकं आणि रानहंसांची बंदुकीने शिकार. वॉश, सॉल्वे, रिबल, मॉन्ट्रोज या प्रसिद्ध जागा. शिकाऱ्यांची संघटना १९०८ साली हलमध्ये स्टॅन्ली डंकन यांनी स्थापली, तीच आज 'बास्क' नावाने ओळखली जाते. इंग्लंडात भरती-ओहोटीच्या रेषांमधल्या किनाऱ्याचा मोठा भाग क्राउन इस्टेटीचा आहे आणि तो स्थानिक क्लबांना भाड्याने दिलेला असतो. म्हणून क्लबाचं सदस्यत्व नसताना बंदूक घेऊन उतरणं म्हणजे सरळ घुसखोरी. स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यावर हा हक्क सगळ्यांना आहे, पण रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंद.

हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, किनाऱ्यावर २० फेब्रुवारीपर्यंत. कडाक्याची थंडी सलग लांबली की आधी शिकाऱ्यांना स्वतःहून थांबायला सांगतात आणि पंधरवड्याच्या आसपास सरकारी आदेशाने शिकार बंद होते. उपाशी पक्ष्याला उडवून त्याची उरलीसुरली चरबी जाळायची नाही, हा हिशोब. रानहंसाचं मांस विकायला बंदी आहे. ही बंदी फार कामाची. बाजार नसल्यामुळे कुणी पोत्याने मारत नाही.

पक्ष्यांचं वेळापत्रक समजलं की अर्धं काम झालं. पिंकफूट हंस आइसलंड-ग्रीनलंडहून येतात, रात्री चिखलावर झोपतात, दिवसा आत शेतात चरतात. नॉर्फकमध्ये शुगरबीटचे कापलेले शेंडे त्यांना फार आवडतात. म्हणजे हंस पहाटे समुद्राकडून जमिनीकडे. बदकांचं उलट, ती रात्री चरतात, म्हणून संध्याकाळी आत, पहाटे बाहेर. वारा जोराचा असेल तर पक्षी खालून उडतात. वारा पडलेल्या स्वच्छ पहाटे ते गोळीच्या पल्ल्याच्या दुप्पट उंचीवरून जातात आणि तुम्ही नुसते बघत बसता. चांदण्या रात्री आकाश निरभ्र असेल तर पक्षी दिसत नाही, पातळ ढगाचा पडदा असेल तर त्यावर काळी आकृती उठून दिसते.

आता भरती, कारण जीव जातो तो इथे. भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत फारशी काळजी नसते, उधाणाला असते. पाणी समोरून येतंय असं वाटतं, पण आधी मागचे चर भरतात. समोर कोरडा चिखल आणि पाठीमागे कमरेएवढं पाणी. भरतीचं कोष्टक बहुधा ग्रीनिच वेळेत छापलेलं असतं, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाळी वेळ चालू असताना एक तास मिळवावा लागतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढतं. वादळी दाब आणि समुद्राकडचा वारा एकत्र आले तर कोष्टकातल्या आकड्यावर अर्धा मीटर सहज. धुक्यात होकायंत्र लागतं, आणि बांधाची दिशा निघण्याआधी लिहून ठेवायची, अडकल्यावर नाही. मोरेकॅम्ब बेमध्ये २००४ च्या फेब्रुवारीत शिंपले वेचणारे वीसहून जास्त चिनी मजूर भरतीत बुडाले, यावरून पाण्याचा वेग समजा.

हातात काठी हवी, पुढचा चिखल चाचपायला. बंदुकीचं तोंड चिखलात टेकलं तर आधी काडतुसं काढून नळीतून आरपार आकाश बघा. बोटभर चिखलाची गुडदी बसली असताना बार केला तर नळी फुटते, डाव्या हाताची बोटं जातात.

शंकेखोर

छर्रे शिशाचेच ना? ते तळ्यात पडतात, बदकं खडे समजून गिळतात, विषबाधा होते. हे सगळं माहीत असून चालू?

खाजणी

इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९९ पासून बंद आहेत, स्कॉटलंडमध्ये पाणथळ जागी २००४ च्या नियमांनी. नियम मोडणारे आहेत, ते नाकारत नाही. आता सगळीकडेच जायची वेळ आली आहे: जुलै २०२५ मध्ये सरकारने शिशाचे छर्रे आणि बहुतेक गोळ्यांवर बंदी जाहीर केली, मुदत २०२९ पर्यंत.

पोलादी छर्रे वापरताना गणित बदलतं. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. म्हणून दोन आकार मोठे छर्रे घ्यायचे. बदकाला साधारण एक किंवा तीन नंबर, हंसाला बीबी. पल्ला ३५ मीटर धरा, त्यापुढे पक्षी जखमी होऊन उडत जातो आणि रात्री कुठेतरी मरतो. 'बावन्न पावलांवरून पाडला' असं सांगणारा किती जखमी करून सोडतो ते सांगत नाही. नळीचं तोंड अर्ध्या चोकपेक्षा (चोक म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली ते) घट्ट नको, नाहीतर फुगवटा येतो. जास्त दाबाची पोलादी काडतुसं फक्त लिलीच्या फुलाचा शिक्का असलेल्या बंदुकीत. आजोबांच्या जुन्या दुनळीत पोलाद घालूच नका, तिला बिस्मथ, पण ते खिसा कापतं.

हरणाच्या तांब्याच्या गोळ्यांबद्दल माळरानने लिहावं.

माळरान

तांबं हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही जुन्या नळ्या तिला नीट फिरवत नाहीत. फुलायला वेग लागतो. लांब पल्ल्यावर वेग उतरला की भोक पाडून निघून जाते. काडतुसांची पेटी बदलली की दुर्बिणीचा नेम नव्याने जुळवायचा, शिशाचा नेम तांब्याला चालत नाही. फायदा मोठा आहे: डोंगरात टाकलेला कोथळा गरुड खातात, त्यात शिशाचे कण राहत नाहीत.

शंकेखोर

तंत्र समजलं. पण मुद्दा टाळताय. हरणं जास्त झाली म्हणून मारतो, हे ठीक. मग स्कॉटलंडचे इस्टेटवाले मोठ्या शिंगांच्या नरासाठी गिऱ्हाइकाकडून पैसे का घेतात? संख्या कमी करायची तर माद्या मारा. आणि बदकांनी कुणाचं काय बिघडवलंय?

माळरान

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि पहिल्याचं उत्तर इस्टेटवाल्यांना आवडत नाही.

एक नर कमी केला तर काहीच होत नाही, उरलेले नर सगळ्या माद्या फळवतात. संख्या मादीवर ठरते. पण मादीचा हंगाम स्कॉटलंडमध्ये २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे बर्फ, चार वाजता अंधार, आणि भिंतीवर टांगायला काही नाही. पैसे देणारा पाहुणा तेव्हा येत नाही, ते काम पगारी स्टॉकर करतो. पिल्लू सोबत असेल तर आधी पिल्लू, मग मादी, दोन्ही मिळत नसतील तर दोन्ही सोडायची. आणि इस्टेट विकताना वर्षाला किती नर मिळतात यावर तिची किंमत धरण्याची रीत होती, म्हणजे हरणं भरपूर ठेवण्यातच मालकाचा फायदा. सरकारी समितीने उघड्या डोंगरात चौरस किलोमीटरला दहा ही कमाल मर्यादा सुचवली. पाइनची रोपं कुंपणाशिवाय वर यायला त्याहून बरीच कमी लागतात.

ग्लेन फेशीचं उदाहरण बघा. २००४ मध्ये सरकारी हरीण आयोगाने तिथे हेलिकॉप्टर वापरून मोठ्या प्रमाणात हरणं मारली. विरोध करायला कोण उभं राहिलं? प्राणिप्रेमींपेक्षा आसपासचे गेमकीपर (शिकारीच्या प्राण्यांचे रखवालदार) आणि स्टॉकर. आमच्या हरणांची अशी बेइज्जत मोजणी-मारणी चालणार नाही, रोजगारही जाईल, हे त्यांचं म्हणणं. पुढच्या मालकाने संख्या खाली ठेवली आणि आज त्या दरीत कुंपणाशिवाय पाइन वर आलेत. 'गाव शिकारीच्या बाजूने, शहर विरोधात' हे चित्र कसं फसवं आहे ते यावरून दिसतं. गावातच दोन पक्ष आहेत: हरीण टिकवून मारणारे आणि जंगलासाठी मारणारे.

खाजणी

दुसऱ्याचं उत्तर मी देतो. बदकांनी काही बिघडवलेलं नाही. वाइल्डफाउलिंगला 'संख्या आटोक्यात' हा आधार नाही, आणि जो तो लावतो तो खोटं बोलतो. खाण्यासाठी आणि त्या जागेसाठी माणूस जातो, एवढंच. समर्थन करायचंच तर असं: क्लब किती पक्षी मारले याचा हिशोब ठेवतात, संरक्षित खाजणात शिकारीला नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेची संमती लागते, काही पट्टे क्लबांनी स्वतःच बिनशिकारीचे ठेवलेत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने सॉल्वेवरचे बार्नकल हंस हजारोंनी मेले. हा पक्षी संरक्षित, त्याला मारत नाहीतच, तरी त्यांना त्रास नको म्हणून शिकाऱ्यांनी तिथे काही भागात जाणं थांबवलं.

पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉटही तरुणपणी हंस मारायचे, १९४६ ला स्लिमब्रिजचं पाणपक्ष्यांचं केंद्र त्यांनीच काढलं. ते उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. शेवटी त्यांनी बंदूक सोडली, हे एक बाजू गाळते.

निवांतपक्षी

हे प्रामाणिक उत्तर आवडलं. तरी पोचार्ड बदकासारखी जात जगभर कमी होत असताना ती यादीत असणं मला पटत नाही.

खाजणी

मलाही नाही. आमच्याकडचे पुष्कळ जण ते मारत नाहीत, पण 'मारत नाही' आणि 'मारता येत नाही' यात फरक आहे.

दगडफूल

सामान्य लोक काय म्हणतात तिथे? म्हणजे ना शिकारी, ना आंदोलक.

माळरान

ढोबळ मानाने: मांस खाल्लं जातं आणि जनावर झटक्यात मरतं, तिथे लोक फारसं बोलत नाहीत. मरण लांबतं किंवा मजा उघड दिसते, तिथे उसळतात. म्हणून रेड हरणामागे कुत्रे सोडण्यावर राग जुना आहे. १९९७ मध्ये प्राध्यापक पॅट्रिक बेटसन यांनी नॅशनल ट्रस्टसाठी अभ्यास केला, लांब पळवलेल्या हरणाच्या रक्तात आणि स्नायूंत किती ताण दिसतो ते मांडलं, आणि ट्रस्टने आपल्या जमिनीवर ती शिकार ताबडतोब बंद केली. रायफलीच्या स्टॉकिंगला मात्र हात लावला नाही. दुसरीकडे २२ सप्टेंबर २००२ ला लंडनमध्ये सुमारे चार लाख लोक ग्रामीण जीवनाच्या नावाने चालले. त्यातले सगळे शिकारी नव्हते, दूध-भाव आणि बंद पडणारी पोस्ट ऑफिसं हेही त्यांच्या फलकांवर होतं.

शिकाऱ्यांचं नाव सर्वांत जास्त खराब करतं ते कोट्यवधी पाळीव फेजंट सोडून दिवसाला शेकड्यांनी पाडणं. खाजणात एका बदकासाठी चार तास बसणाऱ्यालाही त्याच तागडीत टाकतात.

आणि लिंक्स. जानेवारी २०२५ मध्ये केर्नगॉर्म्समध्ये कुणीतरी बेकायदा चार लिंक्स सोडले, काही दिवसांत पकडले, एक मेला. हरणं कमी करायला शिकारी प्राणी आणा, असं म्हणणाऱ्यांनाही त्या चोरट्या उद्योगाने मागे ढकललं. मेंढपाळ आधीच तयार नव्हते.

शंकेखोर

आपल्याकडे यातलं काय लागू होतं? रानडुक्कर आणि रोही यांनी विदर्भातला शेतकरी रडकुंडीला आलाय.

दगडफूल

इथे मी लिहिते. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, पण पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची परवानगी मिळण्याची तरतूद आहे. अडचण पुढची. अर्ज, पंचनामा, परवाना येईपर्यंत जनावर दुसऱ्या शिवारात. परवाना आला तर बंदूक कुणाकडे? परवानाधारक बंदूक असली तरी तिने अंधारात धावत्या डुकरावर नेम धरायचं प्रशिक्षण कुणी दिलेलं नाही. आणि मारलेलं जनावर सरकारजमा, त्यामुळे मांसासाठीही कुणी पुढे येत नाही. मग माणूस कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. किंवा गावठी बॉम्ब पिठात घालून ठेवतात, जबडा फुटलेलं जनावर दिवसेंदिवस फिरतं. केरळने २०२२ मध्ये पंचायत अध्यक्षांना डुक्कर मारायचा आदेश देण्याचा अधिकार दिला, तिथेही मांस पुरायचंच.

परवानगी न देता प्राणी वाचतात असं होत नाही, ते वाईट पद्धतीने मरतात, एवढंच होतं.

शंकेखोर

यावर सहमत. पण आपल्याकडे 'परवाना' म्हटलं की आधी कुठल्या आमदाराचा भाचा रायफल घेऊन उतरेल हे डोळ्यांसमोर येतं. आणि फासेपारध्यांसारख्या, माग काढण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही अशा समाजाला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यावरून गुन्हेगार ठरवून ठेवलं, त्यांना त्या परवान्यात जागा मिळेल का, हा माझा प्रश्न.

दगडफूल

रास्त. त्यावर वेगळा धागा काढा, इथे दबून जाईल.

निवांतपक्षी

शेवटचा, जरा खालच्या पातळीवरचा प्रश्न. मुंटजॅकचं मांस दुकानात मिळतं, घ्यावं का? भेकर म्हटल्यावर बायको शिजवू देईल की नाही ही वेगळी भानगड.

सुरीधार

घ्या. चरबी जवळजवळ नसते, म्हणून मांडीचे तुकडे तव्यावर दोन-तीन मिनिटं, आत गुलाबी राहू द्या, नाहीतर चामडं होतं. खांदा आणि मान मात्र मंद आचेवर अडीच-तीन तास, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उत्तम लागते. दुकानदाराला गोळी शिशाची होती का तांब्याची ते विचारा. शिशाची असेल तर गोळीच्या वाटेभोवतीचं वीतभर मांस कापलेलं आहे ना ते बघून घ्या, जखमेपासून लांबपर्यंत डोळ्याला न दिसणारे कण पसरलेले असतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर शिशाचं घेऊच नका. ब्रिटनचं अन्नखातंही अशांनी ते कमीत कमी खावं असं सांगतं.